चालायची सवय

आमच्या वस्तीतल्या लोकांना चालायला आवडतं, अशी सरकारदरबारी नोंद झाली आहे. हसण्यासारखं काही नाही त्यात. वाऱ्याने पडदा हलतो म्हणून शाळेच्या हॉलमधले पंखे बंद करून, आम्हा सगळ्यांना घामाघूम बसवून, ते वाक्य मोठ्या अक्षरांत दाखवलं गेलं. आणि ज्या माणसाने उभं राहून त्या वाक्याला दुजोरा दिला, तो माझाच नवरा. आता बोटं मोडायची तर कोणाच्या नावाने मोडू, ते तुम्हीच सांगा.

वस्ती बसच्या शेवटच्या थांब्यावर आहे. पुढे रस्ताच नाही, नुसती टेकडी. इथून निघालेली बस पाण्याच्या टाकीपाशी वळते, कालव्याच्या कडेने बाजारात उतरते, मग पूल ओलांडून शहरात शिरते आणि रडतखडत मोठ्या दवाखान्यापाशी पोचते. या एकाच मार्गावर माझ्या नवऱ्याने कंडक्टर म्हणून अख्खी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर घरातले गळके नळ तरी दुरुस्त करतील असं मला वाटलं होतं, तेवढ्यात ह्यांच्या किडन्यांनी हात वर केले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जाताना ठीक असतात. येताना अंगातलं पाणी आणि ताकद दोन्ही मशीनने काढून घेतलेली असते, आणि त्यात आमचा तो रस्ता. बस खड्ड्यात आदळली की ह्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. शर्टाच्या खिशात घडी घातलेली पिशवी असते. ती वेळेवर उघडून तोंडापुढे धरायची, हे माझं काम.

म्हणून रेल्वेची नवी लाइन आमच्या घरात रोज बोलली जायची. दवाखान्याच्या फाटकासमोरच तिचं एक स्टेशन होणार होतं. दुसरं टोक मात्र ठरलं नव्हतं. लाइन बाजारात संपवायची की आमच्या वस्तीपर्यंत आणायची, हे म्हणे बसमधले प्रवासी मोजून ठरणार होतं. मोजणीत गर्दी दिसली तर वस्तीत स्टेशन, नाही दिसली तर बाजारातच पूर्णविराम. एकही पाळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी ह्यांना बजावलं होतं. आणि हे मला म्हणायचे, "या रस्त्याने मी फार दिवस काढत नाही बघ. लाइन आली तर मात्र तुझी माझ्यापासून सुटका नाही." असली चेष्टा मला मुळीच आवडत नाही. तरी बाजारातून जाताना खिडकीशी मीच बसायची, खांब कुठवर आलेत ते बघायला.

वस्ती तयारीत होती. मोजणीच्या दिवशी काम असो वा नसो, सगळ्यांनी बसने जायचं असं ठरलेलं. जिना उतरायचाही कंटाळा करणारी माझी जाऊबाई म्हणाली, "मीसुद्धा दोन फेऱ्या मारीन." फक्त मोजणी कधी, हे कोणी सांगत नव्हतं. विचारलं की उत्तर यायचं, कळवू.

आता आमच्या बसची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

बसमध्ये किती माणसं उभी राहू शकतात याला नियम आहे. आमच्या बसमध्ये त्याच्या दुप्पट उभी असतात. नसतील तर अर्धी वस्ती कामावर पोचायचीच नाही. पण चेकर चढले आणि त्यांनी डोकी मोजली, तर निलंबित होतो कंडक्टर. गर्दी करणारे सुटतात, गर्दीत चिरडला जाणारा सापडतो. हे तरुण होते तेव्हा एकदा असेच सापडले आणि कितीतरी दिवस घरी बसले. परत कामावर आले त्या दिवशी लोकांना ह्यांच्याकडे बघवेना. तेव्हापासून रीत पडली. समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने डोक्यावर हात ठेवला की समजायचं, पुढे चेकर आहेत. मग हे दांडीवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "तरुण पाय खाली." एवढंच. ज्यांना चालता येतं ते मुकाट्याने उतरायचे. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या आत राहायच्या. उतरलेले कालव्याच्या पायवाटेने बाजारापर्यंत चालत जायचे आणि तिथून शहराची दुसरी बस धरायचे. कामाला उशीर व्हायचा, बोलणी बसायची, पण कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. नव्याने राहायला आलेल्यांनाही हे कोणी शिकवावं लागलं नाही. पाहून पाहून तेही उतरायला लागले.

हे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक पोरगी आली. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. घरात ती एकटीच कमावती, वर आजारी आई. पहिल्याच आठवड्यात ह्यांना म्हणाली, "काका, मला या बसमधलं काही कळत नाही, तुम्ही शेजारी बसत जा." झालं. ह्यांना निवृत्तीत नोकरी मिळाली. दवाखान्यात जातानासुद्धा हे तिच्या बाजूच्या सीटवर बसून कोणाला कुठे उतरायचंय ते आधीच सांगायचे. तिला रीतही ह्यांनीच सांगितली. लोकांनी जे ह्यांच्यासाठी केलं तेच तिच्यासाठी करायला लागले.

आणि मग तो आठवडा आला.

सोमवारी सकाळी पहिल्याच बसमध्ये दोन माणसं चढली. अंगात करडे कोट, गळ्यात ओळखपत्रं, हातात छोटं यंत्र. एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. कोणाशी बोलणं नाही, हसणं नाही. पोरीने विचारलं तर म्हणाले, "चालू द्या तुमचं." तिला डेपोतून एवढाच निरोप होता की यांना बसू द्यायचं आणि काही विचारायचं नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी त्या कोटांकडे पाहिलं आणि बोटाच्या पेराने दांडीवर टकटक केलं.

पाण्याच्या टाकीपाशी अर्धी बस उतरली.

असं आठवडाभर चाललं. रोज तेच कोट, प्रत्येक फेरीला. वस्तीत बातमी पसरली की कोणीतरी पोरीची तक्रार केली आहे आणि तिला पकडायला खास माणसं बसवली आहेत. मग काय, वस्तीला चेव चढला. लोक टाकीपर्यंतही थांबेनात, घरूनच चालत निघायला लागले. ज्यांच्या स्कूटर होत्या त्यांनी शेजाऱ्यांना मागे घेतलं. जाऊबाई कमरेला पट्टा बांधून बाजारापर्यंत चालत गेली आणि आल्यावर पाय वर करून सगळ्यांना ऐकवत राहिली. अशी एकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. बस अशी रिकामी धावत होती की सीटचं फाटकं रेक्झिन आम्हाला पहिल्यांदा नीट दिसलं.

बुधवारी ह्यांची मशीनची पाळी होती. बसमध्ये मोजकीच माणसं. टाकीपाशी एक बाई तान्हं मूल घेऊन चढली आणि हे उठले.

"बसा खाली," मी म्हटलं. "जागा आहे मागे. शिवाय आजाऱ्यांनी उतरायचं नसतं."

"एक कमी झालं तर पोरीला बरंच," ते हळूच म्हणाले.

"अहो, तुम्ही म्हणजे तरुण पाय का?"

"नियम मीच केलाय. मीच बसून राहू?"

आणि उतरले. मग मीही उतरले, करते काय. कालव्याच्या कडेने हे धापा टाकत चालले आणि मी मागून तोंडाचा पट्टा सोडला. दवाखान्यात पोचायला इतका उशीर झाला की मशीनवरचा वेळ अर्धा कापला गेला. नर्स ह्यांच्यावर ओरडली. हे तिच्याकडे बघून हसत होते. परतीच्या वाटेवरही खूश होते. म्हणाले, "पोरगी सुटली या खेपेला."

शनिवारी कोट गेले. पोरीला काही झालं नाही. वस्तीने सुटकेचा श्वास टाकला, आणि आम्ही पुन्हा मोजणीची वाट बघायला लागलो.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभेचं बोलावणं आलं. मंचावर रेल्वे प्रकल्पाची बाई, शेजारी डेपोचा साहेब. बाई वाईट नव्हती. आवाज मऊ, आम्हाला "तुम्ही मंडळी" म्हणत होती. तिने सांगितलं की लोकांना आधी कळलं तर मुद्दाम गर्दी होते आणि आकडे बिघडतात, म्हणून मोजणी न सांगता केली. पूर्ण एक आठवडा, दोन माणसं बसवून.

जाऊबाईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

पडद्यावर बसचं चित्र आलं. बस जेमतेम भरते, म्हणे. आणि गंमत म्हणजे, बाई म्हणाली, समोर बस असताना, आत जागा असतानाही इथले पुष्कळ लोक उतरून चालत जातात. मग ते वाक्य आलं: या वस्तीतील नागरिक पायी चालणे पसंत करतात. "फार कौतुक वाटलं आम्हाला," ती म्हणाली. त्यामुळे लाइन बाजारात थांबेल आणि वस्तीला कालव्याच्या कडेने छान पायवाट मिळेल, दिवे आणि बाकांसकट. मोजणीबद्दल कोणाची हरकत असेल तर आत्ताच, कारणासहित सांगा. पटलं तर पुन्हा मोजू.

कारण प्रत्येकाच्या जिभेवर होतं. पण कारण सांगायचं म्हणजे डेपोच्या साहेबासमोर सांगायचं की बस रोज दुप्पट भरते आणि चेकर दिसले की आम्ही उतरतो. पोरगी माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसली होती. तिची मान ताठ झालेली मला दिसली.

मला मान नको होता आणि रीतही नको होती. मला माझा नवरा हवा होता. मी उठले.

"बाई, ते चालण्याचं म्हणताय ना," मी सुरुवात केली, "ते आम्ही आवडीने..."

"बोला ना काकू, न घाबरता बोला," बाई म्हणाली.

तेवढ्यात शेजारून हे उठले. खुर्चीची पाठ धरून उठले, कारण त्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि बस चालू असताना ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "आम्हाला सवय आहे चालायची. आवडतं आम्हाला. मोजणी बरोबर आहे."

बाईने टाळ्या वाजवल्या. मग डेपोच्या साहेबाने वाजवल्या. मग कोणीच वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर मी भांड्यांवर राग काढला. हे पलंगावर टेकून बसले होते.

"पोरीची नोकरी वाचवलीत," मी म्हटलं. "माझं काय? मी कुठे जाऊ?"

"माझ्या सगळ्या नोकरीभर लोक माझ्यासाठी उतरले," ते म्हणाले. "त्यांचे खाडे झाले, त्यांनी बोलणी खाल्ली. एकाने कधी बोलून दाखवलं नाही. आता माझी पाळी आली तर मी बसून राहू? तिच्या जिवावर?"

"आणि तुमच्या जिवाचं?"

त्यांनी मला शपथ घातली की प्रकल्पाच्या कचेरीत पाऊल टाकायचं नाही. माझा हात स्वतःच्या गळ्याला लावून घातली. माझ्या गळ्याची घातली असती तर मी त्याच दिवशी मोडली असती.

पुढचं सांगायला फार काही नाही. मोजणीचे आकडे डेपोलाही गेले. बस रिकामी धावते असं कागदावर आलं म्हटल्यावर डेपोने फेऱ्या कापल्या. सकाळी एक राहिली, संध्याकाळी एक. ह्यांच्या मशीनची वेळ दुपारची. शेजारच्या पोरांनी काही दिवस स्कूटरवरून बाजारापर्यंत नेलं, पण मागच्या सीटवर ह्यांचा तोल राहीना, आणि एकदा वळणावर पडता पडता वाचले. रिक्षावाला टेकडी बघूनच नाही म्हणायचा. मग आम्ही चालायला लागलो. नवी पायवाट खरंच छान झाली आहे. हे प्रत्येक बाकावर बसायचे. बाजारात पोचायचो तेव्हा लाइनच्या शेवटच्या खांबाला रंग देणं चालू असायचं.

फेऱ्याच उरल्या नाहीत, तेव्हा कंडक्टरचं काय काम? पोरीची बदली दुसऱ्या डेपोत झाली. जायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. हे आत पडून होते. तिने उंबऱ्यातच माझे हात धरले आणि आवाज दाबून बोलायला लागली.

"काकू, मी गेले होते त्या बाईंकडे. सगळं सांगून आले."

"अगं, का गेलीस? नोकरी..."

"नोकरीला काही होत नाही. साहेबांनाही सांगितलं. ते हसले. म्हणाले, सगळ्याच बस दुप्पट भरतात, आम्हाला काय ठाऊक नाही का? आता त्याला नुसती ताकीद देतात, काकू. निलंबन वगैरे काकांच्या वेळी होतं."



"बाई काय म्हणाली?" मी विचारलं.

"रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, सभेत एकाने जरी सांगितलं असतं तर पुन्हा मोजलं असतं. आता सगळं मंजूर होऊन गेलं." तिने डोळे पुसले. "मीच उठणार होते त्या दिवशी. काय बोलायचं ते मनात जुळवत होते म्हणून जरा थांबले. तेवढ्यात काका उठले. मग मला त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडवेना."

ती गेली. मी दारात उभी राहिले. मला इतका संताप आला होता की कोणाचा तेच समजेना. साहेबाचा, त्या मऊ आवाजाच्या बाईचा, न बोलणाऱ्या कोटांचा, या चांगल्या पोरीचा, आणि सगळ्यात जास्त त्या उतरण्याचा. आयुष्यभर आम्ही एकमेकांसाठी उतरत राहिलो, आणि एकदाही कोणी विचारलं नाही की आता उतरायची गरज उरली आहे का.

"काय म्हणत होती पोरगी?" हे आतून विचारत होते.

मी तोंडावर पाणी मारलं आणि आत गेले.

"म्हणाली, काकांमुळे माझी नोकरी राहिली. जन्मभर विसरणार नाही."

ह्यांनी मान डोलावली. कितीतरी दिवसांनी चेहरा जरा भरल्यासारखा दिसला. "मग झालं तर," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी होती. मी पाण्याची बाटली भरली, चपला पलंगापाशी आणून ठेवल्या. ह्यांनी पाय खाली सोडले आणि चपलांकडे नुसतेच बघत बसले. घोटे सुजून गोल झाले होते.

"आज राहू दे," म्हणाले. "पाय उचलत नाहीत. पुढच्या पाळीला जाऊ."

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. हात धरून ओढत नेलं असतं, वाटभर भांडले असते. पण त्या दिवशी भांडायला तोंड उघडलं असतं तर त्यातून सगळंच बाहेर पडलं असतं. मी चपला उचलून बाजूला ठेवल्या आणि दार लावून घेतलं.